तेरावं कडवं

नागामिने घराण्याचे खरे निर्णय रजईखाली होतात. वर दिसतो तो नुसता चहा. बुटक्या टेबलाच्या पोटात शेगडी, त्यावर रजई, आणि चारी बाजूंनी आत सारलेले दहा पाय. कोणाचा पाय कोणाच्या पायाला टेकलाय, त्यावरून कोण कोणाच्या बाजूला ते ठरलेलं असतं. त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर हिदेआकीचा पाय इकुएआत्याच्या पायाशी होता. रोकुरोला हे पहिल्याच मिनिटाला कळलं, कारण त्यानं आपला पाय आतल्या आत सगळीकडे फिरवून पाहणी करून घेतली होती.

"जावईबापू, पाय आवरा," रोकुरोचे सासरे तोकुझो म्हणाले.

"माझा नाही बाबा. हिदेआकीचा असेल. तो फार पुढे सरकलाय."

हिदेआकीनं पाय मागे घेतला. आत्यानं मात्र त्याच्यासाठी संत्रं सोलायला घेतलं. म्हणजे ह्यानं हिला गोड डाळीच्या वड्या खाऊ घालून झाल्यात तर, रोकुरोनं ओळखलं. निदान चार डबे.

टेबलावर दोन पेले होते, पांढरे, तळाशी निळी वर्तुळं असलेले. दोन्हींत आठ दिवसांचं विरजण. एक जुने कारागीर गिनपेइमास्तर यांच्या काथवटीतलं, दुसरं तोकुझोंची मुलगी शिनोबु हिच्या. साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, सगळं नशीब या विरजणात असतं. वाफवलेला भात, बुरशी चढवलेला भात आणि पाणी लाकडी काथवटीत घालायचं, पहाटेच्या गारठ्यात वल्ह्यांनी घोट घोट घोटायचं, आणि मग ते आपणहून गोड व्हायची, आंबायची वाट बघत बसायचं.

तोकुझोंनी डावा पेला चाखला आणि मान डोलावली. उजवा चाखला. मान जागची हलली नाही.

"पातळ आहे."

"हो," शिनोबु म्हणाली.

"गोडी धरली नाही."

"हो, बाबा."

"मागच्या वर्षी असंच झालं."

"त्याच्या मागच्या वर्षी पण," शिनोबुनं स्वतःच सांगून टाकलं. हिदेआकीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

तोकुझोंनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोणी नात्तो खाल्लं?"

ऑक्टोबर ते एप्रिल या घरात नात्तो बंद. त्या तार सुटणाऱ्या सोयाबीनचे जंतू साकेघरात शिरले तर विरजणाचा सत्यानाश. त्यामुळे इथं काहीही बिघडलं, अगदी गाडीचं चाक पंक्चर झालं, तरी पहिला संशय न्याहारीवर जातो. सगळ्यांनी शपथा घेतल्या. रोकुरोनं हिदेआकीचं तोंड हुंगून बघायची तयारी दाखवली.

"काका," हिदेआकी घाईनं म्हणाला, "कोणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. मी शिनोबुच्या विरुद्ध नाही, हे आधी सांगतो."

"त्याचा पाय वेगळं सांगत होता," रोकुरो म्हणाला.

हिदेआकी तसा वाईट माणूस नाही. शिनोबुचा चुलतभाऊ, माल पाठवायचं आणि गिऱ्हाइकं राखायचं काम चोख करतो. त्याला फक्त सगळं गुळगुळीत लागतं. केस, बूट, भविष्य. त्याचं म्हणणं सरळ होतं. गिनपेइमास्तरांचा हा शेवटचा हिवाळा. एप्रिलमध्ये ते उत्तरेला आपल्या गावी जाणार ते कायमचे. त्यांच्या जागी तोजी म्हणून, म्हणजे ज्याच्या हाताखाली सगळी साके होते असा मुख्य माणूस म्हणून, त्यानं एक मुलगा बघून ठेवला होता. कॉलेजात शिकलेला. घोटणं बिटणं काही करत नाही, बाटलीतलं आम्ल घालतो, दोन आठवड्यांत विरजण तयार, घोटून त्याला महिना लागतो.

"घोटून केलेलं आणि बाटलीतलं, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही," हिदेआकी म्हणाला.

"तुला कळतो?" रोकुरोनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आतून दोन पेले भरून आणले. "एक घोटलेल्या विरजणाची साके, एक बाटलीच्या. सांग."

हिदेआकीनं दोन्ही चाखले, डोळे मिटले, पुन्हा चाखले. "डावी घोटलेली. खोली आहे तिला."

"दोन्ही पेल्यांत एकच साके," रोकुरो खूश होऊन म्हणाला.

"बघा," हिदेआकी त्याच्यापेक्षा खूश होऊन म्हणाला, "या घरात वाढलेल्या माणसालाही कळत नाही."

शिनोबुनं नवऱ्याकडे असं पाहिलं की रोकुरो दोन्ही पेले स्वतःच पिऊन टाकून गप्प बसला.

तीन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या जेवणात शिनोबुनं "तोजी मी होणार" असं जाहीर केलं, तेव्हा तोकुझो नऊ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. दहाव्या दिवशी अट घातली. दर हिवाळ्यात एक काथवट एकटीच्या जबाबदारीवर, आणि निकाल तिसऱ्या हिवाळ्यात. हा तिसरा. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण शिनोबुनं गावातल्या बायकांचं गुरुवारचं मंडळ काढून ठेवलेलं. केशकर्तनवाली, दातांची डॉक्टरीण, पोस्टातल्या दोघी, मासेवाली. साके हा पुरुषांनी ढोसायचा आणि बायकांनी ओतायचा पदार्थ, एवढंच ज्यांना माहीत होतं, त्या आता गरम कुठली, गार कुठली, मुळ्याच्या लोणच्याबरोबर कुठली यावरून भांडतात. रोकुरो त्यांना वाळवलेले मासे भाजून देतो आणि टोमणे खातो. पाचजणींच्या बत्तीस झाल्या. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परदेशातून नऊ जणी यायच्या होत्या, आपापल्या गावी साके विकणाऱ्या. त्यांना शिनोबुनं पत्रातून शब्द दिला होता की माझ्या हातची पाजीन.

"नऊ बायका विमानानं येणार," हिदेआकी म्हणाला, "आणि पाजायचं काय, हे? आत्या, तुम्ही सांगा."

आत्यानं संत्र्याची फोड त्याच्या पुढ्यात ठेवली. वय एक्याऐंशी, पण तिचं मत तोकुझो अजून ऐकतात, कारण लहानपणी तिनं त्यांना दोनदा विहिरीत पडताना धरलं होतं. "मुलगा चांगला असेल," ती म्हणाली, वड्यांना जागून. "पण हिचं बिघडतं कशानं ते आधी कळू दे. मास्तर, तुम्ही काय म्हणता?"

गिनपेइमास्तर रजईत नव्हते. चाळीस हिवाळे झाले तरी ते दाराशीच बसतात. त्यांनी चटईच्या काठाकडे बघत सांगितलं, "ताईसाहेबांचा हात चांगला आहे. नशीब... म्हणजे थंडीचं काही सांगता येत नाही."

"थंडी दोन्ही काथवटींना एकच होती," शिनोबु म्हणाली आणि मांडीवरची वही उघडली. तिच्यात सगळं होतं. भाताची ऊब, पाण्याचा गारवा, माणसं किती, वल्ही किती. तीन वर्षं ती रोज रात्री हीच वही वाचून झोपत होती आणि रोकुरो म्हणायचा की ह्याच वहीशी लग्न करायचं होतंस. "मी मास्तरांच्या पावलावर पाऊल ठेवून करते. भात तोच. पाणी तेच. घोटणं, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी एक गाणं. बारा कडवी. मग थोडं अजून घोटायचं."

साकेघरात घड्याळ बघायला हात मोकळे नसतात. घोटताना गाणं म्हणायचं, गाणं संपलं की फेरी संपली. ज्याचं गाणं बिनचूक त्याचं घोटणं बिनचूक.

"बारा?" आत्यानं विचारलं.

"बारा, आत्या."

"बारावं कुठलं तुझं?"

"बर्फ वितळला, आई दारात येऊन उभी राहिली."

"मग नावाड्याचं?"

"कुठल्या नावाड्याचं?"

दाराशी गिनपेइमास्तर एवढे लाल झाले की रोकुरोला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. तोकुझोंनी चहाच्या कपात तोंड घातलं. कप रिकामा होता.

इकुएआत्याच्या तरुणपणी बाईनं साकेघरात पाऊल टाकायचं नव्हतं. साकेच्या देवीला मत्सर वाटतो, असं सांगत. देवीला जाऊन कोणी विचारलं नव्हतं. मग आत्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसून गाळायची फडकी धुवायची, एकतीस हिवाळे, बोटं निळी होईपर्यंत. आणि भिंतीतून गाणं यायचं. आत कोण आहे, कोण आजारी आहे, कोणाचं बायकोशी बिनसलंय, हे तिला आवाजावरून कळायचं. आणि बारावं संपून तेरावं लागलं की तिच्या हाताला जरा वेग यायचा. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"सोळा आहेत," आत्या म्हणाली. "मास्तर, सोळा आहेत ना?"

"अक्का," तोकुझो म्हणाले, "जाऊ दे आता."

"जाऊ दे काय? पोरीचं तीन वर्षं वाटोळं झालं. तेरावं नावाड्याचं. चौदावं विधवेच्या मुळ्याचं."

"अक्का."

"पंधरावं मला नीट ऐकू यायचं नाही, सगळे हसायचे."

रोकुरोनं रजईत तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. हिदेआकी मात्र हसत नव्हता. त्याच्या डोक्यात सरळ भागाकार चालू होता. सोळातली चार गेली म्हणजे चौथा हिस्सा गेला. दर फेरीला. तीन फेऱ्या.

"मास्तर," शिनोबुनं वही मिटली, "तुमची काथवट घोटताना बाराव्याला तुम्ही मला गरम पाणी बघायला पाठवता."

"पाणी लागतं, ताईसाहेब."

"दर वेळी?"

मास्तर उठले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेले.

*

शिनोबुनं त्यांना अंगणात गाठलं. ते फावड्यानं बर्फ ओढत होते, जो सकाळीच ओढून झाला होता.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," मास्तर पाठमोरेच म्हणाले. "गाणं संपल्यावर थोडं अजून घोटा, म्हणून."

"मी 'थोडं'पुढे एक मिनिट लिहिलं."

"पंधरा मिनिटं असतं ते."

"पंधरा मिनिटांना तुमच्या गावात थोडं म्हणतात?"

फावडं थांबलं. "पहिल्या वर्षी मला वाटलं तांदूळ वाईट. दुसऱ्या वर्षी थंडी. यंदा कळलं. आठ दिवस झाले, झोप नाही. पण मालकांच्या मुलीपुढे ते तोंडातून कसं काढू? तुम्ही एवढ्याशा होतात तेव्हा तुम्हाला खांद्यावर घेऊन देवळात नेलंय मी."

"आणि आज दुपारी दाराशी बसून माझी जागा दुसऱ्याला जाताना बघत होतात."

ते खरं होतं. शिनोबुला ओरडायचं होतं, पण समोरचा माणूस फावड्याला धरून असा उभा होता की ओरडणं पाठीत घातल्यासारखं झालं असतं.

"मास्तर, कोणाची अब्रू राखत होतात? माझी की तुमची?"

मास्तरांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. "माझी," ते म्हणाले. "आता विचारलंत म्हणून कळलं."

मागे खिडकीतून रोकुरो ऐकत होता. त्याला एक झकास टोमणा सुचला होता. तो त्यानं गिळला, आणि संसारात हे त्याच्या हातून वर्षातून एकदाच होतं.

संध्याकाळच्या आत तोकुझोंनी निकाल दिला. आणखी एक काथवट. पूर्ण सोळा. पंधराव्या दिवशी चाखू. हिदेआकीला सांगितलं, त्या मुलाला तोवर थोपव. अडचण एकच राहिली. शिकवणार कोण? मास्तर म्हणाले, गाव सोडून जाईन पण हे नको. त्यांच्या गावची दोन माणसं हाताखाली होती, तीही एकमेकांकडे बोट दाखवू लागली. रोकुरोनं स्वतः होऊन नाव दिलं. त्याला कोणी विचारात घेतलं नाही.

"मी येते की," आत्या म्हणाली.

*

दोन दिवसांनी पहाटे इकुएआत्या वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा साकेघरात शिरली. डोक्यावर पांढरी टोपी, पायात रोकुरोचे रबरी बूट, त्यांतून तिचे पाय दोन पावलं मागून येत होते. दारात ती थांबली आणि आत बघत राहिली. वाफ, पिंपं, दोर, तुळया. सगळं तिनं ऐकलेलं, बघितलेलं काहीच नाही.

"लहानच आहे की," ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटलं होतं केवढं असेल."

देवीच्या पाया पडायचं ते पडून तिला पालथ्या बादलीवर बसवलं. काथवटीभोवती तिघं: शिनोबु आणि मास्तरांची दोन माणसं. मास्तर खांबाआड. तोकुझो आलेच नव्हते, म्हणजे दाराबाहेर उभे होते, त्यांची खोकला दाबायची ढब सगळ्यांना ठाऊक होती.

पहिली बारा कडवी सगळ्यांनी मिळून म्हटली. बर्फाचं, कोल्ह्याचं, घरच्या आठवणीचं. भात वल्ह्याखाली चरचरत होता. बारावं संपलं आणि सवयीनं वल्ही थांबली.

"थांबायचं नाही," आत्या म्हणाली, आणि घसा साफ करून सूर लावला. आवाज चिरका होता, पण ताल असा पक्का की भिंत मध्ये नव्हतीच जणू.

"वल्हं तुझं बुटकं की लांब रे नावाड्या,
खोल माझं पाणी, जरा थांब रे नावाड्या."

दोघांतल्या एकाचं वल्हं काथवटीच्या काठावर आपटलं. शिनोबुचे कान तापले, पण हात सुटला नाही, आणि दुसऱ्या ओळीला तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. या कडव्यांची चाल वेगळी होती. आधीच्या बारांत वल्हं पुढे मागे जात होतं. इथं ताल वळत होता, वल्हं गोल फिरत होतं, आणि तळाशी बसलेला जाडा भात आत्ता कुठे वर येऊन भरडला जात होता. नुसती पंधरा मिनिटं जास्त घोटून भागलंच नसतं. हे गाणंच लागत होतं.

"पुन्हा म्हण, आत्या."

"आवडलं वाटतं."

"हात शिकतोय. पुन्हा."

चौदावं इथं सांगण्यासारखं नाही. त्यातला मुळा साकेघरापुरताच ठीक. पंधराव्याला आत्या अडली. "इथून पुढचं मला हसण्यात ऐकू यायचं नाही," ती म्हणाली. "काय आहे ते?"

वल्ही फिरत होती, गाणं नव्हतं. गाण्याशिवाय तिघांचे हात तीन दिशांना जायला लागले. शिनोबुनं मान वर केली नाही. मदत मागायची तिची इच्छा नव्हती. मागितली असती तर मास्तर पळाले असते.

खांबाआडून आवाज आला. आधी बारीक. गिनपेइमास्तर भिंतीकडे तोंड करून गात होते, दोन्ही हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. पण गात होते. पंधरावं, मग सोळावं, एकही शब्द न गाळता. सोळाव्याच्या शेवटी दाराबाहेर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"असं होय," आत्या समाधानानं म्हणाली. "एवढ्यासाठी हसायचात."

*

पंधराव्या दिवशी पेल्यात बोट बुडवायचीही गरज नव्हती, वासच सांगत होता. तोकुझोंनी तरी चाखलं. मग हिदेआकीला दिलं. हिदेआकीनं चाखलं, डोळे मिटले नाहीत.

"हे मलाही कळतंय," तो म्हणाला, आणि त्या मुलाला नकार कळवायला स्वतःहून उठला. जाता जाता म्हणाला, "नऊ पाहुण्यांसाठी गाणं रुमालावर छापून घेऊ का? बारा कडव्यांचं."

"सोळा," शिनोबु म्हणाली.

"लोक वाचतील."

"त्यासाठीच छापतात. आणि इथं भिंतीवर पण हवंय. जो कोणी वल्हं धरील त्याला पूर्ण गाणं दिसलं पाहिजे. पुन्हा कोणाच्या लाजेपायी कोणाची तीन वर्षं जायला नकोत."

भिंतीवर लिहायचं तर घरात कुंचल्याचा हात एकच, तोकुझोंचा. त्यांनी खूप आढेवेढे घेतले. कागद लहान आहे, शाई पातळ आहे, डोळे गेलेत. मग बाह्या सावरून बसले. बारा कडवी अशी सुरेख उतरली की मास्तरांनी दाराशी बसूनच मान लववली. तेराव्याला कुंचला जरा घुटमळला. चौदाव्याला ते थांबले, आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "अक्का, इथं मुळा साध्या लिपीत लिहू की चित्रलिपीत?"

"मोठा लिहा," रोकुरो म्हणाला.

"जावईबापू, बाहेर जा."

तो गेला नाही. सोळावं संपलं. खाली डाव्या कोपऱ्यात जागा उरली होती. साकेघरात जे काही भिंतीवर लागतं त्याच्या त्या कोपऱ्यात त्या वेळच्या तोजीचं नाव असतं, चार पिढ्या तसंच चालत आलंय. मास्तरांनी नजर खाली घातली. शिनोबु हात पुसायच्या फडक्याचे काठ जुळवत उभी होती. जुळलेलेच होते ते.

तोकुझोंनी कुंचला शाईत बुडवला, शाईच्या दगडाच्या काठावर निथळवला, आणि लिहिलं. नागामिने शिनोबु. एका दमात, न घुटमळता. मग उठले, कुंचला घेऊन पाण्याच्या पिंपाशी गेले आणि गरज नव्हती इतका वेळ तो धूत राहिले.

"वाळायला वेळ लागेल," पाठमोरेच म्हणाले. "तू जाऊन काथवट बघ. तोजीनं इथं उभं राहून कसं चालेल."